फसवणूक कुणाची झाली?

जांबच्या नारायणाने आईला फसवलं का?

प्रश्न कानाला टोचतो. हा नारायण म्हणजे पुढचे समर्थ रामदास, आणि जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे त्यांचं जन्मगाव. तिथल्या राममंदिरातून पंचधातूच्या जुन्या मूर्ती ऑगस्ट 2022मध्ये चोरीला गेल्या, तेव्हा निवाडा करायला कुणाला क्षणभरही लागला नाही. चोर तो चोर. गाव हळहळलं, विधानसभेत विषय निघाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मूर्ती हाती लागल्या. गावाच्या सगळ्यात लाडक्या कथेत मात्र एक शब्द दिला जातो, तो अक्षरशः पाळला जातो आणि तरीही मांडवभर माणसं फसतात. तिथे निवाडा एवढा सोपा नाही. म्हणूनच बहुधा तो कुणी करायला जात नाही.

कथा अशी. शके 1530च्या, म्हणजे 1608च्या रामनवमीला ठोसर कुलकर्ण्यांच्या घरात नारायण जन्मला. वडील सूर्याजीपंत लवकर गेले. घरात आई राणूबाई आणि थोरला भाऊ गंगाधर. लग्नाचं नाव काढलं की पोरगं रानात पळे, दिवस दिवस परत येत नसे. शेवटी राणूबाईंनी त्याला शब्दात पकडायचं ठरवलं. अंतरपाट धरला जाईपर्यंत नाही म्हणायचं नाही, एवढं वचन दे, म्हणाल्या. मुलाने दिलं. आईला हायसं वाटलं, कारण अंतरपाट धरल्यावर बोहल्यावरून कोण माघारी फिरतो?

आसनगावला मांडव पडला. मुंडावळ्या बांधलेला बारा वर्षांचा मुलगा पाटावर उभा आहे, समोर धरलेल्या कापडाच्या पलीकडे मुलगी आहे, लोकांच्या मुठीत अक्षता आहेत, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आहेत. ‘सावधान’ कानावर पडतं आणि मुलगा पाठीला पाय लावून पळतो. त्यानंतर तो दिसतो तो थेट नाशिकला, टाकळीच्या तपश्चर्येत. राणूबाईंना तो भेटतो चोवीसएक वर्षांनी, दारात भिक्षा मागायला उभा राहिलेला, तोवर त्यांची दृष्टी गेलेली.

हा सगळा प्रसंग बखरींनी आणि संप्रदायाने सांगितलेला. हनुमंतस्वामींची प्रसिद्ध बखर समर्थांच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा मांडवात नेमकं काय घडलं याचा दाखला म्हणून तिच्याकडे बघण्यात अर्थ नाही. पण लोक न्याय करायला शिकतात ते दाखल्यांवरून थोडंच? ते कथांवरूनच शिकतात. त्यामुळे ही कथा आहे तशी घेऊन तिला प्रश्न विचारणं गैर नाही.

नारायणाची बाजू मांडणारा म्हणेल: त्याने शब्द पाळला. अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नव्हतं, नाही म्हणाला नाही. पुढचं बोलणंच झालं नव्हतं.

हा बचाव जगभर चालतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट हा खोट्याच्या बाबतीत बहुधा सगळ्यात कडक माणूस. घरात लपलेल्या मित्राच्या मागावर खुनी दारात आला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, असं त्याने 1797मध्ये लिहून ठेवलं. याच कान्टला 1794मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्या दरबारातून तंबी आली होती की धर्मावर लिहिणं बंद करा. कान्टने लेखी कळवलं की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने आपण यापुढे धर्माविषयी जाहीरपणे बोलणार-लिहिणार नाही. राजा 1797मध्ये वारला. 1798मध्ये कान्ट पुन्हा धर्मावर छापून मोकळा झाला, आणि प्रस्तावनेत खुलासाही केला की शब्द मुद्दाम निवडले होते. महाराजच राहिले नाहीत तेव्हा बंधनही राहिलं नाही. खुन्याशीसुद्धा खोटं न बोलणारा माणूस राजाला अंतरपाटापर्यंतचाच शब्द देऊन बसला होता!

आपल्याकडे धर्मराजाने हेच रणांगणावर केलं. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता. वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त त्यातला हत्ती हळू आवाजात आला. महाभारतकार मात्र असल्या हुशारीला भुलले नाहीत. जमिनीच्या चार अंगुळं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला आणि शेवटी स्वर्गाच्या वाटेवर त्याला थोडा वेळ का होईना नरक बघावा लागला. ऐकणाऱ्या द्रोणाचार्यांना जे कळावं म्हणून वाक्य उच्चारलं होतं, ते खोटं होतं. व्यासांच्या हिशेबात तेवढं पुरतं.

त्या हिशेबाने राणूबाईंची फसवणूक झालीच. त्यांना काय कळलं आहे, हे नारायणाला पुरतं ठाऊक होतं. तरी इथे एक गोष्ट बोलायला हवी. वचनाचा डाव आधी आईने टाकला होता. मुलगा नको म्हणतोय हे माहीत असताना, एकदा उभा तर राहू दे, मग बघू, असा तो डाव होता. बारा वर्षांच्या पोराने तो मोठ्यांवरच उलटवला. मायलेकांच्या या झटापटीत कुणाला झुकतं माप द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. फिटंफाट झाली असं म्हणून हा भाग मिटवलाही जाऊ शकतो, आणि चोवीस वर्षांनी का होईना मुलगा परत आला, आईच्या शेवटच्या काळी जवळ होता, असंही परंपरा सांगते.

पण कापडाच्या पलीकडे जी उभी होती तिचं काय?

तिला कुणी वचन दिलं नव्हतं, तिच्याकडून कुणी घेतलंही नव्हतं. नारायणाला लग्न नको आहे, तो रानात पळतो, आईने त्याला कसंबसं वचनात गुंतवून आणलं आहे, हे आसनगावच्या माणसांना जांबकरांनी सांगितलं होतं का? कथा याबद्दल अवाक्षर काढत नाही. सांगितलं नसेल, तर पहिली फसवणूक अंतरपाट धरण्याच्या कितीतरी आधी झाली, आणि ती करणारे सगळे मोठे होते. पळालेला मुलगा या प्रकरणात कदाचित सगळ्यात कमी दोषी ठरेल. त्याच्या बाजूने आणखी एक भक्कम मुद्दा आहे, जो त्याचे भक्तही फारसा मांडत नाहीत. तो सप्तपदीच्या आधी गेला. सप्तपदीनंतर गेला असता तर त्या काळात मुलगी जन्मभर टाकलेली बायको म्हणून राहिली असती. अंतरपाटाशी गेल्यामुळे ती शास्त्राने कुमारिकाच राहिली आणि तिचं लग्न पुढे दुसऱ्या मुलाशी लागलं, अशी कथा आहे. पळायला त्याने जी घटका निवडली ती तिच्या दृष्टीने शेवटची सुरक्षित घटका होती. हे त्याने जाणून केलं की योगायोगाने घडलं, कोण सांगणार? पण कीर्तनात ‘सावधान’वर टाळ्या पडतात त्या त्याच्या वैराग्याला. मुलगी वाचली, या आनंदाने कुणी टाळी वाजवत नाही.

इथे एका अगदी परक्या गोष्टीकडे वळायला हवं. ‘हाउस’ ही अमेरिकी मालिका 2004 ते 2012 अशी आठ पर्वं चालली. ह्यू लॉरीने उभा केलेला डॉ. ग्रेगरी हाउस म्हणजे स्टेथोस्कोप गळ्यात न घालणारा शेरलॉक होम्स: लंगडा, तिरसट, वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला आणि रोगनिदानात बिनतोड. रुग्ण खोटंच बोलणार, हे त्याचं गृहीतक. पहिल्या पर्वातला सातवा भाग 28 डिसेंबर 2004ला दाखवला गेला. त्यात एक बाई दिवसचे दिवस झोपून राहते, चिडते, भ्रमिष्टासारखं वागते. डॉक्टर एकामागून एक शक्यता खोडत जातात आणि उरतो निद्रारोग, आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या चाव्याने होणारा. बाई आफ्रिकेला कधी गेलेली नाही, नवराही नाही. मग एकच आडवाट राहते. शरीरसंबंधातून हा आजार गेल्याची अत्यंत दुर्मीळ नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे, आणि ती खरी असेल तर दोघांपैकी एकाने बाहेर संबंध ठेवला आहे. दोघंही नाही म्हणतात.

रोगावरचं औषध मेलार्सोप्रॉल. त्यात आर्सेनिक असतं आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांचा जीव ते औषधच घेतं. बाई शुद्धीवर नाही, तेव्हा संमतीची सही करायची नवऱ्याने. हा प्रसंग लेखकांनी कसा घट्ट बांधला आहे ते पाहण्यासारखं आहे. सही करायची म्हणजे बायकोने फसवलं हे कबूल करायचं. न करायची म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि तिला मरू द्यायचं. तो सही करतो. औषध चढतं. आता ती बरी झाली की दोषी, आणि मेली की निर्दोष. ती बरी होते. तो निघून जातो.

(2018पासून या आजाराच्या एका प्रकारावर फेक्सिनिडाझोल नावाची साधी गोळी निघाली आहे. आज हा भाग लिहिला असता तर जिवाचा धोका पुष्कळ कमी असता, सहीचा पेच मात्र तसाच.)

हाउसच्या वागण्यात एक विचित्र गोष्ट आहे. तो तिला खोटं बोलताना पकडतो, पण तिला वाईट म्हणत नाही. तिच्या व्यभिचाराशी त्याला एवढंच देणंघेणं आहे की तो ठरला की रोग ठरतो. सत्य त्याला रक्ताच्या अहवालासारखं हवं आहे. निवाड्याची हौस त्याला नाही असं मात्र समजू नये. तो सगळ्यांना सतत तोडून बोलत असतो. पण औषध द्यायच्या वेळी बाई चांगली की वाईट हा प्रश्न खोलीत येऊ देत नाही. जो खोलीबाहेर ताटकळत उभा आहे त्याच्यासाठी मात्र तोच एक प्रश्न शिल्लक आहे. फसवला गेलेला माणूस प्रेक्षकांना दिसतो, त्याचा चेहरा कॅमेरा वारंवार दाखवतो, आणि त्याचा निर्णय, पटो न पटो, त्याचा त्याला घेऊ दिला जातो. आसनगावच्या मुलीला हे काहीच मिळालं नाही.

जांबहून गोदावरीच्या काठाने वर गेलं की पैठणजवळ आपेगाव लागतं. त्या गावचे विठ्ठलपंत कुलकर्णी. त्यांची गोष्ट नारायणापेक्षा सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं जुनी, आणि ज्याला फसवणुकीचा न्याय कसा होतो हे समजून घ्यायचं आहे त्याने ती आधी वाचावी.

विठ्ठलपंतांचं लग्न आळंदीच्या सिद्धोपंतांच्या रुक्मिणीशी झालेलं. त्यांना संन्यास घ्यायचा होता आणि त्यासाठी बायकोची संमती लागते. ती मिळेना. कथेच्या एका पाठात असं येतं की ती आपल्या नादात असताना त्यांनी जाऊ का म्हणून विचारलं, तिच्या तोंडून जा निघालं, आणि त्यांनी तीच संमती धरली. मग काशीला जाऊन गुरूंना सांगितलं की मागे पाश नाही. गुरूंचं नाव कुणी रामानंद सांगतात, कुणी श्रीपादस्वामी. दीक्षा झाली.

पुढे ते गुरू तीर्थयात्रेत आळंदीला आले. अश्वत्थाला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका बाईने पाया पडल्यावर त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. बाई हसली, की रडली, पाठ वेगवेगळे आहेत. आपला आशीर्वाद फळणार कसा, नवरा तर काशीला संन्यासी होऊन बसला आहे, असं तिने सांगितलं. गुरूंनी चौकशी केली, आपल्याच शिष्याचा हा पराक्रम आहे हे ओळखलं, काशीला परतून त्याला समोर उभं केलं आणि हुकूम दिला: परत जा, संसार कर.

भारतीय संतचरित्रांत इतका सरळ निवाडा क्वचितच सापडेल. या गुरूंना स्वतःला फसवलं गेल्याचा राग येणं साहजिक होतं. तो त्यांनी बाजूला ठेवला. वैराग्य किती तीव्र, शिष्य किती गुणी, जा या शब्दाचा अर्थ काय, असला काथ्याकूट केला नाही. ज्या बाईचं नुकसान झालं तिचं म्हणणं आधी ऐकलं, आणि शिक्षा अशी दिली की तिचं नुकसान भरून निघावं. रुक्मिणीला नवरा परत मिळाला. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार मुलं झाली.

आणि इथून पुढे जे झालं ते अजब आहे. विठ्ठलपंत बायकोला टाकून काशीला गेले, गुरूशी खोटं बोलले, तोवर समाजाने त्यांना काही केल्याची कथा नाही. परत येऊन संसाराला लागल्याबरोबर त्यांना वाळीत टाकलं. संन्यासी पुन्हा गृहस्थ झाला, हा त्यांचा गुन्हा. म्हणजे फसवणूक चालली. फसवणुकीची भरपाई चालली नाही. देहान्त प्रायश्चित्ताखेरीज शुद्धी नाही असा धर्मशास्त्राचा कौल निघाला आणि विठ्ठलपंतांबरोबर रुक्मिणीनेही प्राण दिला, असं परंपरा सांगते. तिचा अपराध काय? नवरा परत आला एवढाच. मुलांनी तर जन्माला येण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं; त्यांना संन्याशाची पोरं ठरवून मुंजीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाच्या दारात उभं केलं गेलं.

ही कथा सांगताना आपण रेड्यामुखी वेद वदवण्याच्या चमत्कारापाशी रमतो. त्याआधीचा न्यायनिवाडा कुणी फार वेळ बघत नाही. बघितला तर दिसतं की पैठणच्या शास्त्र्यांना खोटेपणाचं काही वाटतच नव्हतं. त्यांना आश्रमांची सरमिसळ खुपत होती. आज लोक नीती म्हणून जे तावातावाने मांडतात त्यातलंही बरंचसं याच जातीचं असतं.

सातशे वर्षं उलटली, राज्यघटना आली, तरी फसवलं गेलेलं माणूस कोण हे ठरवताना कायद्याचाही पाय घसरलाच. भारतीय दंड संहितेचं कलम 497 व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. नवऱ्याची संमती असेल, त्याने नुसती डोळेझाक केली असेल, तर गुन्हाच नाही. बायकोला शिक्षा नाही, आणि आपला नवरा बाहेर गेला तर तिला तक्रारही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या लेखी पीडित फक्त नवरा. बायको म्हणजे नवऱ्याच्या नावावरची जमीन, तीत शेजाऱ्याने औत घातलं तर मालकाने दावा लावायचा, असाच हा सगळा मामला होता.

1985मध्ये हे कलम सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा सरन्यायाधीश होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांनी ते टिकवलं. मोहात पाडणारा पुरुषच असतो, बाई नव्हे, हे सर्वमान्य आहे, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने रद्द केलं, आणि त्या पाचांत धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलाने पुसला, याची तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर चर्चा झाली. व्यभिचार घटस्फोटाला कारण म्हणून राहिला, तुरुंगाचा विषय राहिला नाही. आता नवरा आणि बायको दोघंही सारख्याच हक्काने म्हणू शकतात की मला फसवलं.

रुग्णालयातला पेच याहून नाजूक. 1998च्या एका प्रकरणात रक्त द्यायला गेलेल्या एका डॉक्टरच्या तपासणीत एचआयव्हीचं निदान झालं. त्याचं लग्न ठरलेलं होतं. बातमी रुग्णालयातून बाहेर गेली आणि लग्न मोडलं. गोपनीयतेचा भंग केला म्हणून त्याने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जिच्याशी तो लग्न करणार होता तिच्या जिवाचा हक्क त्याच्या गुपितापेक्षा मोठा. त्याच निकालात अशा माणसाचा लग्नाचा हक्कच जणू स्थगित असतो, असंही म्हटलं गेलं होतं. ते अनावश्यक होतं असं 2002मध्ये मोठ्या पीठाने स्पष्ट केलं. निकाल तपशिलात चुकला असेल, पण अंतरपाटापलीकडे कुणीतरी उभं आहे हे त्या न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे होतं. लग्न मोडलं ते अक्षता पडण्याच्या आधी, आणि मुलीला का मोडलं ते माहीत होतं.

2017चा एचआयव्ही-एड्स कायदा आणखी पुढे गेला. जोडीदाराला खरा धोका आहे असं डॉक्टरला वाटलं, समुपदेशन करूनही रुग्ण स्वतः सांगत नाही असं दिसलं, तर रुग्णाला तसं कळवून डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतो. याला एक अपवाद ठेवला आहे. सांगितल्यामुळे रुग्णाला, विशेषतः बाईला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असेल तर सांगायचं नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी मान्य केलं की एकच सत्य पुरुषाबद्दल सांगितलं तर लग्न मोडतं, बाईबद्दल सांगितलं तर तिचं डोकं फुटतं. नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून हा फरक क्वचित येतो. सरकारी राजपत्रात तो आला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

हा फरक किती जुना आहे ते बघायला समर्थांच्याच परिवारात यावं लागतं. वेणाबाई बालविधवा होत्या. कीर्तन-प्रवचनाची ओढ लागली आणि त्या समर्थांच्या कीर्तनाला जाऊ लागल्या. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? बदनामी झाली, आणि घरच्यांनी त्यांना विष दिलं, अशी कथा आहे. त्या वाचल्या. नारायण भर मांडवातून पळाला तर त्याचं वैराग्य झालं, वेणाबाई चार पावलं चालत देवळात गेल्या तर त्यांचं चारित्र्य गेलं. कुणालाही न फसवता!

समर्थांचं श्रेय असं की त्यांनी या बाईला कीर्तनाला उभं केलं आणि मिरजेचा मठ तिच्या हाती दिला. सतराव्या शतकात विधवेने सभेत उभं राहून कीर्तन करणं ही लहान गोष्ट नव्हती. आयुष्यात स्वतःचा संसार न पाहिलेल्या या वेणाबाईंनी ‘सीतास्वयंवर’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला, म्हणजे एका लग्नाचंच सविस्तर वर्णन. त्यांच्या दुसऱ्या शिष्या अक्काबाईंकडे चाफळचा कारभार होता. आसनगावला एका मुलीला पाठमोरं दिसलेलं ते पोर पुढे दोन बायांचं गुरुत्व इतक्या सन्मानाने पेलतं, हे त्याच्या खात्यावर ठसठशीत जमेला धरावं लागेल. त्याने जुनी बाकी फिटते का? बाकी वेणाबाईंची नव्हती, त्यामुळे फेडीचा प्रश्नच नीट उभा राहत नाही.

दासबोधात बाराव्या दशकाच्या सुरुवातीला समर्थ काय सांगतात तेही इथे बघायला हवं. प्रपंच अर्धा टाकून परमार्थाच्या मागे धावणाऱ्याला ते चांगलंच खडसावतात. आधी संसार नीट करा, अशी त्यांची शिकवण आहे. ज्याने स्वतः मंगलाष्टकंही पुरी होऊ दिली नाहीत त्याने हे सांगावं, ही विसंगती टीकाकारांनी दाखवायची आणि भक्तांनी झाकायची, असा प्रघात. दोघांनाही चुकवून एक तिसरा अर्थ लावता येतो. हिंडता हिंडता देशभर पाहिलेल्या संसारांमध्ये अर्ध्यावर टाकलेली माणसं समर्थांनी बघितली असतील. साधू गेला की मागे बायको, म्हातारी आई, लहान भाऊ यांचं काय होतं हे त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असेल? ते स्वतःच्या घरी परत आले तेव्हा आई आंधळी झाली होती. बाराव्या दशकातला करडेपणा त्या दारात उभं राहिलेल्या माणसाचा आहे, असं मानायला जागा आहे. पुरावा नाही, पण जागा आहे.

तर मग निवाडा? राणूबाईंना फसवलं, होय, पण त्यांनीही डाव टाकला होता. आसनगावच्या मंडळींना फसवलं, त्यात जांबच्या मोठ्यांचा वाटा मुलापेक्षा जास्त. मुलीला सगळ्यांनी मिळून फसवलं, आणि त्या सगळ्यांमध्ये तिला जन्माची अडकवण्याआधी निघून जाणारा एकटा नारायणच होता.

जांबच्या रामनवमीला आणि सज्जनगडच्या दासनवमीला जे कीर्तनकार हे आख्यान लावतात त्यांना एक विनंती करावीशी वाटते. नारायण पळाला की टाळ्या घ्या, जरूर घ्या, पण आख्यान तिथेच पुढे नाशिकला नेऊ नका. दोन घटका आसनगावला थांबा. मांडवातली माणसं एकमेकांकडे कशी बघत होती, मुलीच्या बापाने जांबकरांना काय विचारलं, दुसरं स्थळ कुणी आणि किती दिवसांत शोधलं, हे सांगा. पोथीत एवढा तपशील मिळणार नाही हे खरं. पण नारद-हनुमंत संवाद रंगवताना पोथीबाहेर तासभर हिंडून येणाऱ्यांनी इथेच एवढं सोवळं पाळायचं कारण नाही.